दिसतंय ते

"सर, पिक्चर में सब दिख रहा है," हेडफोनमधून अर्सलानचा आवाज आला.

जेरार्ड तुस्कानोने मान हलवली आणि बोलणं तसंच चालू ठेवलं. खाली बर्फावर मरीनर्स संघाचा हुमैद डाव्या कडेने सुटला होता. निळी जर्सी, पाठीवर सतरा नंबर, काठी जमिनीलगत आणि पक तिच्या वीतभर पुढे, हे सगळं जेरार्ड सांगत होता. पक म्हणजे ती काळी रबराची चकती. आइस हॉकीत चेंडू नसतो. आता हुमैदने कडेच्या फळीवर पक आपटून पास दिला, तो मधल्या रेषेवर यारीला मिळाला, यारी म्हणजे तो उंच फिनिश मुलगा, किंचित वाकून खेळणारा, आता त्याने मान वर करून गोलीकडे, म्हणजे गोलरक्षकाकडे, पाहिलं. जेरार्ड श्वास घ्यायलाही थांबत नव्हता.

"सर, ये रेडिओ नहीं है." अर्सलान प्रोड्यूसर होता. खाली गाडीत दहा पडद्यांसमोर बसून मॅच कशी दाखवायची ते तो ठरवत असे. त्याचा आवाज चढलेला नव्हता, उलट त्यात अजिजी होती.

यारीने मारलेला पक गोलीच्या पॅडला लागून बाहेर गेला. पूर्वीचा जेरार्ड अशा वेळी एकच शब्द बोलला असता आणि पुढचं प्रेक्षकांवर सोडून दिलं असतं. आजच्या जेरार्डने पक कुठल्या पायाला लागला, कुठल्या कोपऱ्यात गेला, गोलीने पाणी प्यायला मुखवटा कसा वर केला, इथपर्यंत सगळं सांगितलं. बोलत होता तो इंग्रजीतच, पण साध्या, घरात चालणाऱ्या इंग्रजीत.

कॉमेंट्रीची खोली रिंकच्या वर काचेआड होती. बाहेर पार्किंगमध्ये गाडीच्या उन्हाने तापलेल्या स्टिअरिंगला हात लावता येत नव्हता आणि इथे जेरार्ड बोटं उघडी असलेले लोकरीचे हातमोजे घालून बसला होता. समोर खेळाडूंच्या नावांची कार्डं पसरलेली. ती देवनागरीत लिहिलेली असत. रशियन, फिनिश, अरबी, स्लोव्हाक, कुठलंही नाव असो, इंग्रजी स्पेलिंगवर त्याचा काडीचा विश्वास नव्हता. मॅचच्या आधी तो खेळाडूंच्या खोलीत जायचा, प्रत्येकाला त्याचं नाव दोनदा म्हणायला लावायचा आणि कानावर पडेल तसं लिहून घ्यायचा. गावच्या, नंदाखालच्या मराठी शाळेने दिलेलं हे हत्यार बावीस वर्षं कामाला येत होतं.

सेमीफायनल संपली. हातमोजे काढून जेरार्ड कार्डं गोळा करत होता, तेवढ्यात अर्सलान करक चहाचे दोन कागदी कप घेऊन वर आला. पस्तिशीचा, डोक्यावरचे केस विरळ झालेला. तो दारातच थोडा घुटमळला.

"बैठ ना," जेरार्ड म्हणाला.

"सर, ऊपर से बात हुई है." अर्सलानने एक कप त्याच्या पुढे सरकवला. "आपका कॉन्ट्रॅक्ट इस महीने खतम है. और साठ के बाद रिन्यूअल का अलग से अप्रूव्हल लगता है, आपको पता है. वो लेने को तैयार हैं."

"मगर?"

"मगर पहले फायनल सुनेंगे." त्याने खिशातून मोबाइल काढला, पुन्हा आत ठेवला. "लोग क्लिप बना बना के डाल रहे हैं, सर. मैं नहीं दिखाऊंगा आपको. इस सीझन में आपको क्या हुआ है, मेरी समझ में नहीं आता."

जेरार्डने चहाचा घोट घेतला. जीभ पोळली.

"मैं शारजा में बड़ा हुआ हूं," अर्सलान म्हणाला. "अब्बा को हॉकी का ह भी नहीं पता था. मगर गोल होता था और आप चुप हो जाते थे, तो अब्बा भी चुप. चाय का कप हाथ में ऐसे ही रह जाता था. पूरा घर चुप. मैं इस लाइन में उसी चुप्पी की वजह से आया, सर. शनिवार को वो वापस ले आओ. बस एक मॅच."

"इन्शाल्ला," जेरार्ड म्हणाला.

हा शब्द किती सोयीचा आहे ते इथे राहिलेल्या माणसालाच कळतं. त्यात हो असतं, नाही असतं, आणि आता पुढे काही विचारू नकोस हेही असतं. अर्सलान एवढी वर्षं इथे राहिलेला. त्याने पुढे काही विचारलं नाही.

घराच्या वाटेवर, अल कुसैसच्या रस्त्याला संध्याकाळी लागते तशी रांग लागली होती. शारजाकडे आणि अजमानकडे परतणाऱ्या गाड्या एकमेकींना चिकटून उभ्या होत्या. जेरार्डने एसी वाढवला आणि स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिला.

लोक ज्या चुप्पीचं कौतुक करत होते, ती मुळात त्याची नव्हतीच. मुंबईत असताना तो रेडिओवर मैदानी हॉकीची कॉमेंट्री करायचा. रेडिओवर क्षणभर थांबलं की ऐकणाऱ्याला वाटतं, सेल संपले. तीच सवय घेऊन तो दुबईला आला आणि बर्फावरच्या पहिल्या मॅचला सुरुवातीपासून शेवटपर्यंत बडबडला. फार खूश होऊन घरी आला. त्याची बायको जॉयस तेव्हा एका हॉटेलात रिसेप्शनला होती, सुट्टी घेऊन तिने मॅच पाहिली होती. तिने बोंबील वाढले आणि म्हणाली, "छान बोलतोस तू. पण जे दिसतंय ते कशाला सांगतोस? आम्हाला काय डोळे नाहीत?"

जेरार्ड दोन दिवस घुम्यासारखा होता. तिसऱ्या दिवशी त्याला ते पटलं, आणि त्यातूनच त्याची ती पुढे गाजलेली पद्धत आली. दिसतंय ते सांगायचं नाही, दिसत नाही तेवढंच सांगायचं. म्हणजे, हुमैदचे वडील थंडी सोसत नाही म्हणून मॅचभर बाहेर गाडीत बसून फोनवर स्कोअर विचारतात. किंवा यारीच्या गावात या घडीला सूर्य उगवतच नाही. आणि गोल झाला की तोंडाला कुलूप. मग माणसं आपापल्या घरात तो गोल स्वतः बघायची. कुणीतरी घड्याळ लावून त्याच्या चुप्प्या मोजल्या होत्या. सगळ्यांत लांब एकोणीस सेकंदांची निघाली. त्याला बक्षिसं मिळाली, मुलाखती झाल्या. एका मुलाखतीत त्याने हे सगळं बायकोने शिकवलं असं सांगितलं होतं. तेवढंच त्यांनी कापलं.

जॉयसला साखरेचा त्रास पंधरा वर्षं होता. दोन वर्षांपूर्वी साखर डोळ्यांत उतरली. तेव्हापासून महिन्याला एकदा डोळ्यात इंजेक्शन. आहे तेवढी नजर टिकवायची, एवढाच त्याचा उद्देश, असं डॉक्टरने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. त्यानंतर जॉयस त्याला डॉक्टरच्या केबिनमध्ये येऊ देत नसे. तो बाहेर बसायचा, ती डोळ्यावर पट्टी लावून बाहेर यायची आणि म्हणायची, "डॉक्टर खूश आहे. चल."

मागच्या ऑक्टोबरात सीझनची पहिली मॅच झाली. जेरार्ड घरी आला, जॉयसने ताट वाढलं आणि नेहमीसारखी मॅचबद्दल बोलायला लागली.

"फॉक्सेसनी लाज राखली बाबा. ते लाल जर्सीवाले सगळे कसे तुटून पडले शेवटी."

फॉक्सेस वर्षानुवर्षं लाल जर्सी घालून खेळत आले होते. त्या दिवशी मात्र नव्या मालकाने त्यांना पांढऱ्या जर्सीत उतरवलं होतं. रिंकमध्ये दुसऱ्या कशाची चर्चाच नव्हती. कॉमेंट्रीत जेरार्डने त्याचा उल्लेख केला नव्हता, कारण ते तर दिसत होतं.

त्याने घास गिळला. "हो, तुटून पडले," तो म्हणाला.

त्या रात्री त्याला झोप लागली नाही. आणि पुढच्या मॅचपासून तो बोलायला लागला. जर्सीच्या रंगापासून सुरुवात केली.

ती सांगत नव्हती, म्हणून त्याने विचारलं नाही. का सांगत नव्हती, ते त्याला पक्कं ठाऊक होतं. तिने तोंड उघडलं असतं तर त्याने दुसऱ्या दिवशी राजीनामा दिला असता आणि तिला घेऊन नंदाखालला जाऊन बसला असता. आणि बर्फावाचून तो सहा महिन्यांत वाळून गेला असता, हे तिला त्याच्याहून जास्त कळत होतं. म्हणून ती दिसत असल्यासारखं वागायची आणि तो तिला दिसतंय असं मानून चालायचा. फक्त आठवड्यातून एकदा, मॅचच्या दिवशी, तो काचेआडून तिला सगळं सांगून टाकायचा. हजारो माणसं ऐकत असायची, पण तो बोलत असायचा एकटीशीच.

आता हे बंद करायचं होतं. न करून भागत नव्हतं. नोकरी गेली की व्हिसा गेला, त्याच्या व्हिसावर जॉयसचा व्हिसा होता आणि त्याच्या कंपनीच्या इन्शुरन्सवर तिची इंजेक्शनं. एक महिना चुकला तर उरलेलं दिसणंही जाईल, असं डॉक्टर म्हणाला होता. बोललं तर तिचे डोळे जाणार होते, आणि नाही बोललं तर तिची मॅच. मागच्या गाडीने हॉर्न दिला तेव्हा त्याच्या लक्षात आलं की पुढची रांग केव्हाच सरकली आहे.

तो आठवडा त्याने वाटा शोधण्यात घालवला.

"या वेळी रिंकवर चल ना," सोमवारी तो सहज म्हणाल्यासारखं म्हणाला. "फायनल आहे."

"त्या फ्रीजमध्ये? माझे गुडघे कोण सांभाळणार?" जॉयस कणीक मळत होती. तिची बोटं परातीच्या कडेवरून फिरून पिठाच्या डब्यापाशी गेली, झाकणावर थांबली, मग डबा उघडला. हे सगळं ती इतकं सफाईने करायची की पाहुण्याला कळलं नसतं.

"मग प्रमिलावहिनींना बोलाव. एकटी काय बघतेस? गप्पा होतील."

प्रमिला शेजारच्या फ्लॅटमध्ये राहायची, पुण्याची. जीव लावणारी बाई, पण तोंडाला दम नाही. जॉयस हसली.

"ती मॅच बघायला येणार, की सुनेचं गाऱ्हाणं सांगायला? नको. मला फायनल शांतपणे बघायची आहे. म्राझची शेवटची मॅच ना?"

म्राझ हा फॉक्सेसचा गोली. स्लोव्हाकियाचा, एक्केचाळीस वर्षांचा, चौदा वर्षं इथे गोलजाळी राखत आलेला. एका नाताळात तो त्यांच्याकडे जेवायला आला होता. दाराची चौकट त्याला बुटकी पडली. त्याने अकरा सांदणं खाल्ली आणि जॉयसला आईच्या गावचं एक गाणं म्हणून दाखवलं. तेव्हापासून तो तिचा झाला.

"हो, शेवटची," जेरार्ड म्हणाला.

मंगळवारी ॲरॉनचा फोन आला. मुलगा अबू धाबीला, अल रीम आयलंडवर राहायचा. जेरार्ड मराठीत बोलायचा, तो इंग्रजीत उत्तर द्यायचा. दोघांनाही त्याचं काही वाटत नसे.

"डॅड, डोन्ट माइंड. बट यू आर टॉकिंग टू मच धिस सीझन. माय होल ऑफिस इज सेइंग."

"असं म्हणतात का?"

"इट्स लाइक यू थिंक वी कान्ट सी."

जेरार्ड गॅलरीत जाऊन उभा राहिला. त्याला वाटलं, सांगून टाकावं. पण आईने मुलाला सांगितलं नव्हतं, मग बापाने कोणत्या तोंडाने सांगायचं.

"बघतो," तो म्हणाला. "मम्मीला फोन करत जा जरा."

गुरुवारी संध्याकाळी दोघं चर्चला गेले. जॉयसला मिस्सा तोंडपाठ होती. उठायचं, बसायचं, गुडघे टेकायचं, कुठे चुकायचं कारण नव्हतं. गीताच्या वेळी तिने पुस्तक उघडून समोर धरलं. पान वेगळ्याच गीताचं होतं. ती मनापासून, सुरात, दुसरंच गीत म्हणत होती. जेरार्डने आपलं पुस्तक मिटलं आणि तिच्या आवाजात आवाज मिसळला. त्या वेळी त्याने काय मागितलं ते त्याने कुणाला सांगितलं नाही.

शनिवारी दुपारी चारला फायनल सुरू झाली. स्टँड भरलेले होते. मरीनर्ससाठी अजमानहून बसेस आल्या होत्या, फॉक्सेसच्या बाजूला म्राझच्या नावाचे फलक होते. जेरार्डने कार्डं मांडली, पाणी जवळ ओढलं. सुरुवातीला त्याने दोन्ही संघांची नावं घेतली. जर्सीबद्दल काही बोलला नाही.

पहिली दहा मिनिटं फार जड गेली. सगळे शब्द जिभेवर येऊन थांबत होते आणि तो ते एकेक करून माघारी पाठवत होता. हुमैद उजवीकडून आला, हे दिसत होतं. म्राझ पुढे सरकला, हेही दिसत होतं. जेरार्ड एवढंच बोलला की म्राझने आज सकाळी आपल्या काठीला चौदाव्या वर्षाची शेवटची टेप गुंडाळली आणि उरलेलं रीळ रिंकच्या सफाईवाल्याला देऊन टाकलं. मग तो गप्प बसला. बर्फावर स्केट्स घासल्याचा आवाज येत राहिला.

"वाह, सर," अर्सलान कानात म्हणाला.

दुसऱ्या पिरियडला त्याची लय लागली. खोटं कशाला बोला, त्याला बरंही वाटलं. बावीस वर्षांचा हात होता तो. सहा महिने बांधून ठेवलेला मोकळा झाला होता. आपलं काम आपल्याला अजून येतंय, या जाणिवेने त्याचा ऊर भरून आला, आणि पाठोपाठ अल कुसैसच्या घरातली खुर्ची आठवली, टीव्हीकडे तोंड करून ठेवलेली. दोन-दोन बरोबरी झाली तेव्हा त्याने स्कोअर सांगितला. निदान तेवढा तरी तिला मिळू दे, असं त्याला वाटलं.

तिसरा, शेवटचा पिरियडही बरोबरीत संपला. ओव्हरटाइम. आता जो पहिला गोल करील त्याचा कप. सहा वाजून गेले होते आणि अर्सलान सांगत होता की साडेसहाला उंटांच्या शर्यतीचं थेट प्रक्षेपण आहे, गोल होताच आपल्याला आटोपायचंय, बक्षीस समारंभ उद्या दाखवणार.

अकराव्या मिनिटाला मरीनर्सचा हल्ला आला. जोराचा फटका वगैरे काही नव्हताच. पक म्राझच्याच साथीदाराच्या बुटाला लागला, वळला आणि हळू, अगदी रेंगाळत, त्याच्या पायांमधून जाळीत गेला. हॉर्न वाजला.

जेरार्डने माइकपासून तोंड मागे घेतलं.

म्राझ पालथा पडून राहिला. मुखवटा बर्फावर टेकलेला, हात पसरलेले. दुसऱ्या टोकाला निळ्या जर्सीतली मुलं एकमेकांच्या अंगावर पडत होती. हुमैद त्यांच्याकडे निघाला आणि मध्येच वळला. तो म्राझपाशी गेला, काठी बाजूला ठेवली आणि त्याच्या शेजारी बर्फावर बसला. काही बोलला नाही. त्याने फक्त म्राझच्या पाठीवर हात ठेवला. मग फॉक्सेसचा तो मुलगा, ज्याच्या बुटाला पक लागला होता, तोही येऊन बसला. दोन्हीकडचे प्रेक्षक हळूहळू शांत होत गेले. कॅमेरा तिथून हलला नाही. हजारो घरांत माणसं हे डोळे भरून बघत असणार, हे जेरार्डला ठाऊक होतं. एका घरात हॉर्ननंतर काहीच नव्हतं.

हुमैदचं नाव त्याच्या अगदी ओठांवर आलं. एक नाव, एक शब्द, म्राझ पडलाय पण त्याला लागलेलं नाही, एवढं सांगितलं असतं तरी पुरलं असतं. त्याने समोरच्या काचेला तळहात टेकला. काच गार होती. सेकंद जात राहिले आणि तो गप्प राहिला.

मग त्याने माइक जवळ घेतला. "बावीस वर्षं मी हा खेळ पाहतोय," तो इंग्रजीत म्हणाला. "आजच्यासारखं कधी पाहिलं नव्हतं."

"और आउट," अर्सलान म्हणाला. "खलास." हेडफोनमध्ये पुन्हा खट्ट झालं. "छब्बीस सेकंद, सर. इधर गाड़ी में सब रो रहे हैं. ऊपर से मैसेज आ गया. दो साल. मुबारक हो."

"शुक्रिया, अर्सलान," जेरार्ड म्हणाला आणि हेडफोन काढून टेबलावर ठेवला. कार्डं गोळा करायला त्याला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला.

घरी पोचला तेव्हा आठ वाजत आले होते. दार उघडलं तर टीव्ही चालूच होता. पडद्यावर उंट धावत होते. जॉयस समोरच्या खुर्चीत बसली होती, मांडीवर हात ठेवून.

"आलास?" ती म्हणाली. "हात धू. कालवण गरम केलंय."

त्याने हात धुतले. टेबलावर ताटं मांडलेली होती. ती उठून आली, त्याच्या खुर्चीला हात लावून पलीकडच्या खुर्चीत बसली.

"आज चांगला बोललास," ती म्हणाली. "अगदी पहिल्यासारखा. मी मनात म्हटलं, हा माझा नवरा."

"अर्सलान पण तेच म्हणाला." त्याने भात कालवला. "दोन वर्षं वाढवून दिली. आता काळजी नाही. तुझी इंजेक्शनं चालू राहतील."

"बरं झालं."

जॉयसने पाण्याचा ग्लास हातात घेतला, पण प्यायली नाही.

"ॲरॉनचा फोन आला होता," ती म्हणाली. "तुझं फार कौतुक करत होता. मग सांगायलाच लागला. मी म्हटलं, नको सांगूस. डॅडी येऊन सांगेल."

"काय सांगत होता?"

"कोण जिंकलं ते."

जेरार्डचा हात ताटातच राहिला. टीव्हीवरचा अरबी निवेदक जोरजोरात काहीतरी ओरडत होता. जॉयसचा चेहरा त्याच्याकडे होता आणि नजर त्याच्या खांद्यावरून किंचित पलीकडे गेलेली होती. तिने ती सावरायचा प्रयत्न केला नाही.

"हॉर्न वाजला आणि तू गप्प झालास," ती म्हणाली. "लोकही गप्प झाले. इतका वेळ, जेरार्ड. मला वाटलं, म्राझला काही झालं."

"नाही गं. त्याला काही नाही झालं." तो घाईने म्हणाला. "पडला होता नुसता. मरीनर्स जिंकले. आणि मग हुमैदने..."

"थांब," जॉयस म्हणाली. "असं तुटक नको."

तिने दोन्ही हात टेबलावर पसरले आणि चाचपत, काही न लपवता, लोणच्याच्या बरणीपासून पाण्याच्या तांब्यापर्यंत सगळ्याला हात लावत रिमोट शोधला. जेरार्डला तो दिसत होता, पण त्याने तो पुढे केला नाही. तिला सापडला. तिने टीव्ही बंद केला आणि खुर्ची त्याच्याकडे वळवून बसली.

"आता सांग," ती म्हणाली. "पहिल्यापासून. ऑक्टोबरपासून सांगत होतास तसं."

जेरार्डने ताट बाजूला सारलं आणि खेळाडू बर्फावर उतरले तिथून सुरुवात केली.